मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर आणि वेळ स्वतः काढायची कृती

अमेरिकेत मुलगा-सून किंवा लेक-जावई असलेल्या घरांत विमानाच्या वेळेचा हिशेब अडतो तो नेहमी एकाच जागी. जानेवारीत मुंबईहून रात्री दीडला निघालेलं विमान त्याच दिवशी सकाळी सव्वासातला न्यूयॉर्कला उतरतं. घड्याळावर विश्वास ठेवला तर पावणेसहा तास. परतीचं विमान तिथून सकाळी साडेअकराला निघतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला मुंबईत येतं. घड्याळावर विश्वास ठेवला तर पंचवीस तास. फोनवर शोधावं तर कुठे चौदा तास दिसतात, कुठे सोळा, कुठे बावीस. यातला एकही आकडा खोटा नाही. अंतर, विमानातला वेळ, दोन शहरांच्या घड्याळांतला फरक आणि दारापासून दारापर्यंतचा प्रवास या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बोलताना आपण त्या एकाच वाक्यात कोंबतो. या कृतीत त्या सुट्या करून एकामागून एक काढायच्या आहेत. उदाहरण मुंबई-न्यूयॉर्कचं आहे. शहरं बदलली तरी रीत हीच.

साहित्य

पृथ्वीगोल (३० सेंटिमीटर व्यासाचा असला तर उत्तम), न ताणला जाणारा बारीक दोरा, सेंटिमीटरची पट्टी, साइन-कोसाइन असलेला कॅल्क्युलेटर, कागद, पेन्सिल आणि तिकीट. कॅल्क्युलेटर वेगळा आणायची गरज नाही, बऱ्याच फोनांत तो आडवा धरला की साइन-कोसाइनची बटणं दिसू लागतात. भिंतीवरचा जगाचा नकाशा मात्र या कामाला घेऊ नका. का, ते पहिल्याच पायरीत कळेल.

पायरी १: दोरा ताणा

दोऱ्याचं एक टोक पृथ्वीगोलावर मुंबईवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर. आता दोरा हळूहळू ताणा. तो आपसूक वर, उत्तरेकडे सरकेल. त्याला अडवू नका. पूर्ण ताणला गेला की जिथे स्थिरावेल ती या दोन शहरांमधली सर्वांत जवळची वाट.

ती कुठून जाते ते बोट फिरवून नीट पाहा, कारण या कृतीतला सर्वांत मोठा आनंद इथेच आहे. मुंबईहून दोरा सिंधवरून अफगाणिस्तानात हेरातच्या आसपास जातो, कास्पियन समुद्र आणि अरल समुद्राच्या मधून वर चढतो, मॉस्कोच्या अगदी जवळून निघतो, हेलसिंकीच्या बाजूने स्कँडिनेव्हिया ओलांडतो आणि आइसलँडच्या पूर्वेला साधारण ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत पोहोचतो. तिथून उतरणीला लागून ग्रीनलँडचं दक्षिण टोक, मग कॅनडातलं लॅब्राडोर आणि शेवटी न्यूयॉर्क. एकोणिसाव्या अंशावरच्या शहरातून चाळिसाव्या अंशावरच्या शहरात जायला पासष्टाव्या अंशापर्यंत चढावं लागतं!

भिंतीवरच्या नकाशावर हीच दोन शहरं पट्टीने जोडली तर रेघ अरबस्तान, इजिप्त, सहारा आणि अटलांटिकवरून जाते. डोळ्यांना ती सरळ दिसते, पण तिची खरी लांबी सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. ताणलेल्या दोऱ्याची वाट तिच्यापेक्षा साडेसोळाशे किलोमीटरने कमी आहे; मुंबई-दिल्ली हवाई अंतराहूनही हा फरक मोठा. मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ साली तसा नकाशा केला तो खलाशांसाठी. होकायंत्राची दिशा न बदलता जहाज हाकायचं तर त्यावर सरळ रेघ मारता यावी, हा त्याचा हेतू होता आणि तो त्याने उत्तम साधला. पण ध्रुवांकडे जावं तसा तो नकाशा सगळं फुगवत नेतो. अंतर मोजायचं काम त्याच्याकडून होत नाही.

आता माप. दोऱ्यावर दोन्ही शहरांच्या जागी खुणा करा आणि पट्टीवर लांबी बघा. मग त्याच दोऱ्याने विषुववृत्ताचा पूर्ण वेढा मोजा. पृथ्वीचा वेढा ढोबळ ४०,००० किलोमीटर धरायचा आणि त्रैराशिक मांडायचं. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर वेढा सुमारे ९४.२ सेंटिमीटर येतो आणि मुंबई-न्यूयॉर्क साधारण २९.५ सेंटिमीटर. २९.५ भागिले ९४.२, गुणिले ४०,०००: उत्तर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. इथे एक मिलिमीटर म्हणजे बेचाळीस किलोमीटर, तेव्हा दोरा दोन-तीनदा मोजा. घरात सातवी-आठवीतलं मूल असेल तर ही पायरी त्याच्याच हातात द्या.

पायरी २: कॅल्क्युलेटरवर नेमकं अंतर

अक्षांश-रेखांश शहराचे नको, विमानतळाचे घ्या. तिकिटावरची तीन अक्षरं विमानतळाची असतात: सांताक्रूझ-सहारच्या विमानतळाचं बीओएम, नवी मुंबईचं एनएमआय, न्यूयॉर्कच्या केनेडीचं जेएफके, शेजारच्या न्यू जर्सीतल्या नेवार्कचं ईडब्ल्यूआर. फोनच्या नकाशात त्या जागेवर बोट दाबून धरलं की आकडे मिळतात.

मुंबई: अक्षांश १९.०९ उत्तर, रेखांश ७२.८७ पूर्व.
केनेडी विमानतळ: अक्षांश ४०.६४ उत्तर, रेखांश ७३.७८ पश्चिम.

आकडे अंश-मिनिटांत मिळाले तर मिनिटांना ६० ने भागून दशांश करा. ४० अंश ३८ मिनिटं म्हणजे ४०.६३, घाईत ४०.३८ लिहिलं तर एवढ्यानेच जागा अठ्ठावीस किलोमीटर सरकते.

एक शहर ग्रिनिचच्या पूर्वेला, दुसरं पश्चिमेला, म्हणून रेखांशांची बेरीज: ७२.८७ + ७३.७८ = १४६.६५ अंश. दोन्ही एकाच बाजूला असती तर वजाबाकी केली असती. बेरीज १८० च्या पुढे गेली तर ती ३६० मधून वजा करायची. मुंबई-सॅन फ्रान्सिस्कोला तसं होतं.

कॅल्क्युलेटर अंशांवर आहे ना, रेडियनवर नाही ना, हे बघून घ्या. मग:

दोन्ही अक्षांशांचे साइन घेऊन गुणाकार: ०.३२७१ × ०.६५१३ = ०.२१३०.
दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांच्या फरकाचा कोसाइन, तिन्हींचा गुणाकार: ०.९४५० × ०.७५८८ × (−०.८३५३) = −०.५९९०.
दोन्ही उत्तरांची बेरीज: −०.३८६०.
या बेरजेचा उलट कोसाइन: ११२.७ अंश.

पृथ्वीच्या पृष्ठभागावर असा एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर. ११२.७ × १११.२ = सुमारे १२,५३० किलोमीटर. दोऱ्याने काढलेला आकडा याच्या शंभरेक किलोमीटर आसपास आला असेल तर दोरा चांगला ताणला होता म्हणायचं. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्यामुळे या उत्तरात थोडा फरक राहतोच. प्रवासाच्या हिशेबाला तो लागत नाही.

पायरी ३: अंतरावरून विमानातला वेळ

लांब पल्ल्याची बोइंग ७७७ किंवा ७८७ सारखी विमानं उंचावर स्थिरावल्यावर ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने हवा कापतात. १२,५३० भागिले ९०० म्हणजे जवळपास चौदा तास. फोनवर दिसणारा ‘चौदा तास’ बऱ्याचदा असाच आलेला असतो. तो कागदावर लिहा, पण तिथे थांबू नका. त्यात तीन गोष्टी मिळवायच्या आहेत.

पहिली गोष्ट वळसा. दोऱ्याची वाट विमानाला मिळतेच असं नाही, कारण खालच्या प्रत्येक देशाची परवानगी लागते. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाल्यानंतर रशियाचं आकाश अमेरिकी आणि युरोपीय विमान कंपन्यांना बंद झालं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली. आपला दोरा सुरुवातीलाच सिंधवरून जातो. अशा वेळी मुंबईचं विमान आधी अरबी समुद्रावर निघतं आणि पश्चिम आशियावरून युरोपकडे वळतं. मुंबईला तो वळसा फार महाग पडत नाही. दिल्लीला मात्र मोठा फटका बसला आणि तिथून अमेरिकेला निघणारी काही विमानं इंधनासाठी व्हिएन्नाला उतरवावी लागली. हिशेबासाठी पाच टक्के वळसा धरा: १२,५३० चे १३,१६० किलोमीटर. बातम्यांत एखाद्या देशाचं आकाश बंद झाल्याचं ऐकलं तर दोरा पुन्हा ताणा आणि तो देश वाटेत येतो का ते पाहा.

दुसरी गोष्ट वारा, आणि जाण्या-येण्याच्या वेळेतला फरक सगळा याचाच. पुष्कळ जण विचारतात की पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाताना न्यूयॉर्क आपणहून जवळ यायला नको का? प्रश्न अगदी रास्त आहे. पण पृथ्वीबरोबर तिच्यावरची हवाही फिरत असते, आणि विमान त्या हवेत उडतं. म्हणून नुसत्या फिरण्याने काही वाचत नाही. परिणाम होतो तो वरच्या जेट प्रवाहांचा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, मधल्या अक्षांशांवर हे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि हिवाळ्यात ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे जातात. अमेरिकेला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. पूर्ण वाटेवर ते सारखे नसतात, म्हणून सरासरी धरायची: जाताना ताशी ४५ किलोमीटर वजा, येताना ५० मिळवा.

जाताना: १३,१६० भागिले ८५५ = १५ तास २४ मिनिटं.
येताना: १३,१६० भागिले ९५० = १३ तास ५१ मिनिटं.

हे वारे रोज जागा बदलतात, म्हणून अटलांटिकवरच्या विमानवाटाही रोज नव्याने आखल्या जातात. पूर्वेकडे येणाऱ्या विमानांच्या वाटा कॅनडातलं गँडर हे हवाई नियंत्रण केंद्र जाहीर करतं, पश्चिमेला जाणाऱ्यांच्या ब्रिटन-आयर्लंडकडचं शॅनविक. एकाला पाठीचा वारा जास्तीत जास्त मिळावा, दुसऱ्याला समोरचा कमीत कमी लागावा असा तो प्रयत्न. काल मुलगी ग्रीनलँडजवळून गेली आणि आज जावई पुष्कळ दक्षिणेकडून, असं नकाशावर दिसलं तर काळजीचं कारण नाही.

तिसरी गोष्ट जमिनीवरचा वेळ. तिकिटावर छापलेला वेळ चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा ठोकळे लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीकडे सरकणं, रांग, चढ, उतार आणि गेटपर्यंत परत येणं यासाठी पाऊण तास मिळवा. जाताना सव्वासोळा तास, येताना साडेचौदा. तुमच्या तिकिटावरचा आकडा याच्या अर्ध्या-पाऊण तास इकडेतिकडे असेल तर हिशेब बरोबर आहे. हवं तर फ्लाइटरडार२४ वर त्या फ्लाइटचे मागच्या काही दिवसांचे प्रत्यक्ष वेळ बघा. तिकिटापेक्षा ती माहिती मला जास्त भरवशाची वाटते.

पायरी ४: घड्याळं जुळवा

इथे एकच नियम पाळा: मुंबईच्या वेळेतून थेट न्यूयॉर्कच्या वेळेत उडी मारू नका. आधी जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी, मग तिथून स्थानिक वेळ. भारताची वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. न्यूयॉर्कची हिवाळ्यात पाच तास मागे, उन्हाळ्यात चार तास मागे.

१५ जानेवारीला रात्री १:३० ला मुंबईहून निघालं. साडेपाच तास वजा: यूटीसी १४ जानेवारी, २०:००. प्रवास १६ तास १५ मिनिटं मिळवा: यूटीसी १५ जानेवारी, १२:१५. पाच तास वजा: न्यूयॉर्कमध्ये १५ जानेवारी, सकाळी ७:१५.

परतीला न्यूयॉर्क सकाळी ११:३०. पाच मिळवा: यूटीसी १६:३०. साडेचौदा तास मिळवा: दुसऱ्या दिवशी यूटीसी ७:००. साडेपाच मिळवा: मुंबईत दुपारी १२:३०. सुरुवातीचे पावणेसहा आणि पंचवीस तास असे उलगडतात.

न्यूयॉर्कचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत येतं. २०२६ साली ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. त्यामुळे आपल्यातला फरक हिवाळ्यात साडेदहा तासांचा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा. आईवडील फेब्रुवारीत जाऊन जुलैत परतणार असतील तर दोन्ही हिशेब वेगवेगळ्या फरकाने करा.

ताळा पाहायचा असेल तर रेखांश पुन्हा घ्या. सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात. १४६.६५ अंशांचे सुमारे पावणेदहा तास होतात, म्हणजे घड्याळांतल्या दोन्ही फरकांच्या दरम्यान. याच चार मिनिटांच्या हिशेबामुळे मुंबईची स्वतःची वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती आणि शहराने ती १९५५ पर्यंत जपली.

पायरी ५: मधे थांबा असेल तर

आता तिकीट निवडताना उपयोगी पडेल असं. प्रत्येक टप्प्याचं अंतर पायरी २ प्रमाणे काढून बेरीज करा. मुंबई-लंडन सुमारे ७,२१० आणि लंडन-न्यूयॉर्क ५,५४० किलोमीटर: एकूण १२,७५०. थेट वाटेपेक्षा जेमतेम २२० जास्त! दुबईमार्गे १,९३० आणि ११,०२०, मिळून १२,९५०. सिंगापूरमार्गे मात्र एकोणीस हजारांच्या वर जातं, तेव्हा तिकडचं तिकीट कितीही स्वस्त दिसलं तरी वयस्कर माणसांसाठी घेऊ नये.

१४ मे १९६० ला एअर इंडियाने बोइंग ७०७ ने न्यूयॉर्कची सेवा सुरू केली ती लंडनमार्गेच. त्या विमानाचं इंधन थेट पुरणारं नव्हतं, पण लंडन वाटेवरच असल्याने किलोमीटर फारसे वाया जात नव्हते. मुंबईहून कुठेही न थांबता न्यूयॉर्क, हे एअर इंडियाला साधलं २००७ च्या ऑगस्टमध्ये, लांब पल्ल्याच्या बोइंग ७७७ वर.

म्हणजे वाटेवरच्या थांब्याने अंतर फारसं वाढत नाही, वेळ वाढतो. दोन उड्डाणांचे मिळून साडेसतरा-अठरा तास, वर थांबा चार तासांचा की दहा तासांचा यावर बावीस की अठ्ठावीस हे ठरतं. दोन तासांपेक्षा कमी थांबा घेऊ नका. पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा आलं की दुसरं हातचं जातं. गुडघे दुखणाऱ्या, पाय सुजणाऱ्या माणसाला एकदा उतरून चालायला मिळालं तर बरं वाटतं. पण ज्यांना इंग्रजीत विचारणा करणं जड जातं त्यांना थेट विमानच द्यावं, थोडे पैसे जास्त पडले तरी. अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांचं अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं, हा वेळ थांब्यातून वजा धरा. थांब्याच्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकीट काढायच्या आधी तपासा.

पायरी ६: दार ते दार, आणि तारीख

तिकिटावर ‘१५ जानेवारी, ०१:३०’ असेल तर घरातून निघायचं १४ तारखेला संध्याकाळी. कॅलेंडरवर १४ च्या चौकोनात मोठ्या अक्षरांत ‘आज रात्री विमान’ लिहा. १५ च्या रात्री विमानतळावर पोहोचणारी कुटुंबं दर मोसमात असतात, आणि तोवर विमान अमेरिकेला पोहोचूनही कितीतरी तास झालेले असतात.

आता बेरीज, सगळी भारतीय वेळेत, म्हणजे गोंधळ नाही. विमानतळावर तीन तास आधी: १४ ला रात्री साडेदहा. पुण्याहून निघणार असाल तर सुमारे दीडशे किलोमीटर, घाट आणि संध्याकाळची गर्दी. साडेचार तास धरा: १४ ला संध्याकाळी सहा. विमान उतरलं १५ ला संध्याकाळी पावणेसहाला. इमिग्रेशन आणि सामानाला पावणेदोन तास: साडेसात. घर न्यू जर्सीत एडिसनला असेल तर केनेडीहून गाडीने आणखी दीड तास: रात्रीचे नऊ. तिकिटावरचे सव्वासोळा तास दारापासून दारापर्यंत सत्तावीस झाले. एडिसनला नेवार्क बरंच जवळ पडतं. तिकीट काढताना तोही विमानतळ टाकून बघा.

शेवटी एका कागदावर तीन ओळी लिहून फ्रिजवर लावा आणि त्यांचा फोटो तिकडे पाठवा: निघण्याची वेळ, उतरण्याची वेळ आणि बाहेर येण्याची वेळ, प्रत्येक ओळीत मुंबईचं आणि न्यूयॉर्कचं अशी दोन्ही घड्याळं. बाहेर येण्याची ओळ आपल्या उदाहरणात अशी होईल: न्यूयॉर्क सकाळी ९:००, मुंबई संध्याकाळी ७:३०. घ्यायला येणाऱ्याने गाडी नऊच्या बेताने आणायची, आणि इकडच्यांनी साडेसातपर्यंत फोनची वाट पाहायची नाही.